दार कोणी उघडले?



मागच्या आषाढीला वाटेत एका तरुण टाळकऱ्याने मला विचारले, "महाराज, एवढे मोर्चे निघतात, उपोषणे होतात, लाखांची गर्दी जमते. त्यातली काही फळाला येतात, काही नुसतीच विरून जातात. असं का होतं?" मुलगा शिकलेला होता, विचारण्यात खोच नव्हती. माझे गुडघे आता चालू देत नाहीत, म्हणून मी दिंडीच्या मागे मागे सावकाश येत होतो आणि तो माझ्यासाठी मागे राहिला होता. वाखरी येईपर्यंत आम्ही बोललो. तेव्हा जे नीट सांगता आले नाही, ते आता घरी बसून लिहितो आहे.

कोणी म्हणेल, कीर्तनकाराने भजन करावे, आंदोलनाच्या गोष्टी त्याला कशाला हव्यात? तसे म्हणायला हरकत नाही. पण मायबापहो, या महाराष्ट्रातले एक मोठे आंदोलन आपल्याच पंढरीत, आपल्याच महाद्वारासमोर झाले आणि त्यात आपण वारकरी दोन्ही बाजूंना होतो. ते सांगायला दुसरा कोण येणार?

चोखोबाराय मंगळवेढ्यात गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून गेले. ते साल १३३८ मानतात. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली. नामदेव पायरीजवळच ती आहे; आपण सगळे तिथे वाकून पुढे जातो. त्यानंतर सहाशे वर्षे चोखोबांच्या जातीची माणसे वारीला येत राहिली. अनवाणी, उपाशी, पावसात भिजत. ती त्या समाधीपर्यंत येत, कळसाला हात जोडत आणि परत फिरत. आत आपण चोखोबांचेच अभंग म्हणत होतो. डोळ्यांना पाणी आणून म्हणत होतो. त्या पाण्याचा एक थेंबही बाहेर उभ्या असलेल्याच्या कामी आला नाही.

१९४७ च्या १ मे रोजी साने गुरुजींनी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, प्राणांतिक उपोषण आरंभले. मागणी एकच होती: विठ्ठलाचे दार सर्वांना उघडे करा. दहाव्या दिवशी बडवे मंडळींनी मान्यता दिली आणि उपोषण सुटले. ही गोष्ट मी कीर्तनात किती वेळा सांगितली असेल त्याला गणती नाही. एक कृश, हळवा माणूस, 'श्यामची आई' लिहिणारा, मे महिन्याच्या उन्हात पडून राहतो आणि सहाशे वर्षांचे दार हलते. श्रोते हुंदके देत. मृदंगवाद्यालाही हात थांबवावा लागे.

आता वय झाले, तेव्हा कबूल करतो. मी अर्धी गोष्ट सांगत होतो.

आपल्या शास्त्रात कारणाचे दोन प्रकार सांगितले आहेत. घट व्हायला कुंभार लागतो, चाक लागते, काठी लागते, ती निमित्तकारणे. पण माती नसेल तर कुंभाराने दिवसभर चाक फिरवले तरी घट होत नाही. माती हे उपादानकारण. कार्य झाले की आपल्या डोळ्यांत कुंभार भरतो, कारण तो हालताना दिसतो. माती गप्प असते. आंदोलनाचेही असेच आहे. उपोषण, मोर्चा, तुरुंगवास ही निमित्ते. ती डोळ्यांना दिसतात, वर्तमानपत्रात छापून येतात. माती कोणी कालवली, किती दिवस कालवली, हे कोणी विचारत नाही.

गुरुजींची माती कशी कालवली गेली ते ऐका. त्यांनी उपोषणाचा संकल्प केला होता तो सहा महिने आधी, १९४६ च्या कार्तिकीला. तेव्हाच बसले असते तर काय झाले असते, कोण जाणे. पण सेनापती बापटांनी त्यांना थांबवले. आधी महाराष्ट्रात फिरा, लोकांना सांगा, गावे जागी करा, मग बसायचे तर बसा. गुरुजींनी ऐकले. मग ते गावोगाव हिंडले. सेवादलाची मुले कलापथक घेऊन बरोबर होती. सभा व्हायच्या, गाणी व्हायची आणि सभा संपली की गावाला विचारले जाई, तुमच्या गावाची विहीर मोकळी करणार का? तुमचे देऊळ उघडणार का? कितीतरी गावांनी आपल्या विहिरी आणि देवळे उघडली.

इथे जरा थांबू. सेनापती बापटांनाच हा सल्ला का सुचला, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांनी ते पुस्तकात वाचले नव्हते, अंगावर घेतले होते. पुण्याच्या पश्चिमेला, मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमावर टाटा कंपनी वीज करण्यासाठी धरण बांधू लागली. सुमारे पन्नास गावे पाण्याखाली जाणार होती. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला आणि बापट त्यात उतरले. 'सेनापती' हे नाव त्यांना तिथेच मिळाले. आरंभी यश आल्यासारखेही वाटले. कंपनीने काही महिने काम थांबवले. पण माऊली, थांबणे म्हणजे सोडणे नव्हे. तेवढ्या अवधीत जमिनी ताब्यात घेण्याचे सरकारी काम पुढे सरकले आणि धरणाचे काम पुन्हा सुरू झाले.

तिथे मावळ्यांच्या धैर्यात काही उणे नव्हते. बायका लेकरांसह कामावर जाऊन बसल्या, तुरुंगात गेल्या. पण माती भुसभुशीत होती. मावळातल्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. कसणाऱ्याला जमीन हवी होती. मालकाला नुकसानभरपाई चालणार होती. एकाच पक्षात दोन हेतू. देशातल्या मोठ्या पुढाऱ्यांचे मनही त्यात पूर्ण नव्हते; वीज आणि कारखाने देशाला नको आहेत, असे म्हणायला कोणी तयार नव्हते. शेवटी बापटांनी काय केले? १९२४ च्या अखेरीस रुळांवर दगड टाकून कंपनीची गाडी अडवली, शस्त्र हाती घेऊन. सात वर्षांची शिक्षा भोगली. धरण झाले. आजही आहे. पावसाळ्यात लोक ते बघायला जातात. खाली कोणाचे जाते नि कोणाचे तुळशीवृंदावन बुडाले आहे, याची आठवण तिथे क्वचितच निघते.

माझे मत सांगतो. कोणाला पटणार नाही कदाचित. मुळशीत बापट एकटे पडत गेले आणि जसे एकटे पडले तसे त्यांचे साहस वाढत गेले. साहस वाढले की आंदोलन वाढले, असे आपल्याला वाटते. बहुधा उलटे असते. मागे माणसे उरली नाहीत की पुढचा माणूस अधिक मोठी उडी मारतो. त्याच बापटांनी बावीस वर्षांनी साने गुरुजींना म्हटले, एकटे बसू नका, आधी गावे बरोबर घ्या. मुळशीची हार पंढरपुरात अशी उपयोगी पडली.

आता दुसरा दाखला नाशिकचा. हा सांगताना जीभ जड होते. १९३० च्या मार्चच्या आरंभी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. सुमारे पंधरा हजार माणसे जमली होती. मैलभर लांब मिरवणूक निघाली, शिस्तीत, शांतपणे. मंदिराच्या चारही दारांशी स्त्री-पुरुषांच्या तुकड्या बसल्या. दादासाहेब गायकवाडांनी पुढे वर्षानुवर्षे तो लढा धरून ठेवला. रामनवमीनंतरच्या रथोत्सवाला, ९ एप्रिलला, तडजोड ठरली होती की दोन्हीकडच्या लोकांनी रथ ओढायचा. ती पाळली गेली नाही. दगडफेक झाली, माणसे रक्तबंबाळ झाली. सत्याग्रहींनी हात उगारला नाही. एवढे करून, एवढी वर्षे करून, दार उघडले नाही.

मला कोणी विचारले की शिस्त, त्याग, संख्या आणि अहिंसा असली म्हणजे आंदोलन जिंकते का, तर मी नाशिककडे बोट दाखवीन. तिथे सगळे होते. बाहेर बसलेल्यांनी जे करायचे ते सगळे केले. आत असणाऱ्यांमधून मात्र कोणी पुरेसे उठले नाही. त्याच मार्च महिन्याच्या १२ तारखेला दांडीयात्रा निघाली. साऱ्या देशाचे डोळे मिठाकडे लागले. सरकारने शांतता राखण्याच्या नावाखाली चालत आलेल्या वहिवाटीलाच संरक्षण दिले. आणि मंदिराच्या चालकांना तर दार बंद ठेवणे परवडत होते. ज्याच्यावर दबाव आणायचा त्याला काही गमवावे लागत नसेल, तर दाराशी बसलेल्या माणसाचे फक्त आयुष्य खर्च होते. बाबासाहेबांनी हे ओळखले. १९३४ च्या मार्चमध्ये त्यांनी दादासाहेबांना पत्र लिहून सत्याग्रह थांबवायला सांगितले. आता आपली शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे लावावी, असे त्यांचे म्हणणे होते.

महाडचे आणखी निराळे. तिथे कायदा आधीच बाजूने होता. १९२३ साली रावबहादूर बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मांडून मंजूर करून घेतला होता की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. कागदावर तळे मोकळे झाले. पण २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्याले आणि गावात लाठ्या निघाल्या. मग कोर्ट, मनाई, दावे. उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ च्या मार्चमध्ये लागला. ओंजळभर पाण्याला दहा वर्षे.

पंढरपूरला १९४७ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ होते. मंदिरप्रवेशाचा कायदा येऊ घातला होता आणि तो त्याच वर्षी झालाही. म्हणूनच गांधीजींना हे उपोषण अनावश्यक वाटले. त्यांनी तारेने कळवले की सोडा. गुरुजी गांधीजींना देवासारखे मानणारे. तरी त्यांनी नम्रपणे नकार दिला. या नकारात मला त्यांचे सगळे शहाणपण दिसते. कायद्याने कुलूप निघेल हे त्यांना ठाऊक होते. पण कुलूप सरकारने काढले आणि आतल्या माणसाने तोंड फिरवले, तर महाडची पुनरावृत्ती होणार. त्यांना बडव्यांची आणि वारकऱ्यांची मान्यता हवी होती. मध्यस्थीसाठी दादासाहेब मावळणकर आले. बडव्यांपुढे स्थिती अशी होती: सरकार विरुद्ध, कायदा दाराशी, मठात एक माणूस मरणाला टेकलेला आणि ज्यांच्या दक्षिणेवर मंदिर चालते त्या वारकऱ्यांची गावे एकामागून एक आपली देवळे उघडत चाललेली. यातले शेवटचे कारण सर्वांत भारी होते, असे मी म्हणतो. नाशिकच्या पुजाऱ्याला जे गमवावे लागत नव्हते, ते पंढरीच्या बडव्याला गमवावे लागणार होते.

सगळे वारकरी मात्र गुरुजींच्या बाजूने नव्हते, हे लपवू नये. आमच्याच घरात बघा. माझे आजोबा निरक्षर माळकरी. गुरुजींची सभा त्यांनी तालुक्याला ऐकली आणि परत येऊन गावच्या मारुतीचे दार उघडायला पुढे झाले. माझे वडील तेव्हा चोवीस वर्षांचे, एका फडावर शिकलेले, चार ग्रंथ पाठ असलेले. ते विरोधात. मंदिर उघडण्यापूर्वी पांडुरंगाचे तेज मंत्राने घागरीतल्या पाण्यात काढून घेतले, अशी गोष्ट त्या काळी सनातन्यांमध्ये सांगितली जाई. वडिलांनी ती खरी धरली. आत देव नाहीच, तर जायचे कशाला? १९४७ च्या आषाढीला ते महाद्वारापर्यंत गेले, कळसाला नमस्कार केला आणि परतले. पुढची दोन वर्षेही तसेच.

चौथ्या वर्षी ते आत गेले. का गेले, ते त्यांनी मला फार उशिरा सांगितले, अंथरुणाला खिळल्यावर. म्हणाले, "तिसऱ्या साली कळसाकडे बघत उभा होतो. गर्दीनं ढकललं, तसा टेकायला हात मागं केला. हात चोखोबाच्या समाधीवर पडला. मी नेमका त्याच जागी उभा होतो. त्याला कोणीतरी उभं केलं होतं, मी आपला आपण जाऊन उभा राहिलो होतो." एवढेच बोलले आणि कुशीवर वळले.

गुरुजींचे उपोषण दहा दिवसांत सुटले, असे आपण म्हणतो. आमच्या घरातले सुटायला तीन वर्षे लागली. इतर किती घरांत किती वर्षे लागली असतील, त्याचा हिशेब कोणत्या इतिहासात मिळणार? बडव्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवणारा कायदा १९७३ साली झाला. त्यावरचा शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयात २०१४ च्या जानेवारीत लागला. त्याच वर्षी मंदिर समितीने सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून पुजारीपदासाठी अर्ज मागवले. गुरुजी हे पाहायला नव्हते. ते १९५० सालीच गेले.

आणि एक गोष्ट, जी मी कीर्तनात कधी बोललो नाही. पंढरीचे दार उघडले १९४७ ला. येवल्याला बाबासाहेबांनी "हिंदू म्हणून मरणार नाही" असे जाहीर केले त्याला तेव्हा बारा वर्षे होत आली होती. १९५६ साली नागपुरात लाखो माणसे त्यांच्याबरोबर बौद्ध झाली. जे दाराशी बसले होते ते उठून गेले आणि मग दार उघडले. आंदोलन यशस्वी झाले म्हणताना कोणाचे यशस्वी झाले, हेही विचारावे लागते. गुरुजींचे झाले. आपलेही झाले, आपल्या कपाळचा डाग थोडा पुसला गेला. नाशिकच्या दारात डोके फुटलेल्या माणसाचे झाले का? मला उत्तर देववत नाही.

त्या तरुणाने वाखरीला हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला: "महाराज, मग तुम्ही काय केलंत?" त्याला मी सांगितले नाही. तुम्हाला सांगतो.

चाळीसएक वर्षांपूर्वी एका गावच्या सप्ताहात मी साने गुरुजींचे आख्यान लावले. कीर्तन रंगले. काल्याच्या दिवशी महाप्रसादाला बसलो, तर भिंतीकडे सात-आठ माणसांची वेगळी ओळ होती. पत्रावळी त्यांनी घरून आणल्या होत्या. माझ्या पानात पुरणपोळी पडली, वर तूप पडले. मी पाहिले आणि जेवलो. त्या गावाने मला पुढे सलग अकरा वर्षे बोलावले. मी अकरा वर्षे गेलो, दर वर्षी भिंतीकडे पाहिले आणि जेवलो. बाराव्या वर्षी काय झाले कोण जाणे, वडिलांना जाऊन थोडेच दिवस झाले होते, मी माझे पान उचलले आणि त्या ओळीत जाऊन बसलो. काही बोललो नाही. वाढपी थबकला, मग वाढून गेला.

पुढच्या वर्षी बोलावणे आले नाही. त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. तिसऱ्या वर्षी दोन पोरे मोटारसायकलवर घ्यायला आली. पंगत एकच होती, मांडवभर. मी भिंतीकडे पाहिले. तिथे पाण्याचे पिंप ठेवले होते. त्या सात-आठांपैकी एकच म्हातारा आला होता. बाकीच्यांनी गावाच्या वरच्या अंगाला विहार बांधला होता, ते तिकडे असत. म्हातारा माझ्या शेजारी येऊन बसला, पत्रावळ नीट केली आणि म्हणाला, "महाराज, यंदा आमटी तिखट झालीय, सांभाळून घ्या."